डावी बाजू

"आज डावं काहीच वाढलं नाहीस?" बाबांनी विचारलं.

आईने आमटीचा डाव पातेल्यात परत सोडला आणि शाल्मलीकडे पाहिलं. ताटात मीठ होतं, लिंबाची फोड होती, ओल्या खोबऱ्याची चटणी होती आणि ज्याच्यावाचून बाबांचा घास उतरत नसे ते कैरीचं लोणचंही होतं. सगळं जिथे वाढायचं तिथेच, ताटाच्या डाव्या बाजूला.

"वाढलंय. मान वळवा."

"कुठे?"

"डावीकडे."

"डावीकडेच बघतोय की!" असं म्हणत बाबा भाताच्या मुदीकडे बघत होते. त्यांच्यापुरतं ताट तिथेच संपत होतं.

दत्ताराम मयेकर एसटीचे ड्रायव्हर होते. समोरून ट्रक आला म्हणून आंबा घाटात वीतभर कडेवरून गाडी मागे घेणारा माणूस. रत्नागिरी डेपोत त्यांच्या गाडीला कुणी ओरखडा पाहिला नव्हता. निवृत्त झाल्यावर वर्षभरात त्यांना पक्षाघाताचा झटका आला. मेंदूचा उजवा भाग दुखावला. हातपाय हळूहळू पुष्कळ सुधारले, पण जगाची डावी बाजू त्यांच्या हिशेबातून गळून पडली. डोळे शाबूत होते. डॉक्टरांनी समजावलं होतं, "त्यांना दिसत नाही असं नाही, लक्षात येत नाही. आणि लक्षात येत नाही, हेही त्यांच्या लक्षात येत नाही." ज्यांनी कधी गाडी घासली नव्हती ते बाबा आता घरातल्या प्रत्येक चौकटीला डावा खांदा घासत चालत आणि चौकटीलाच शिव्या देत.

शाल्मली पाण्याचा तांब्या आणायला उठली. टेबल आणि कपाट यांच्यामधून सरळ जायचं सोडून ती टेबलाला लांबचा वळसा घालून गेली. आधी खांदे वळले, मग क्षणभराने कंबर वळली, जणू तिच्यामागे अजून कुणीतरी यायचं राहिलं होतं.

"घ्या!" आई म्हणाली. "एकाला डावी बाजू नाही आणि दुसरीला तीनशे मीटर जास्तीची आहे. या घरात मी चालायचं कुठून?"

बाबा खदखदून हसले. शाल्मलीही हसली, पण तिने डावा कोपरा अंगाशी घट्ट धरला. बंडी उतरवून दोन तास झाले होते, तरी तिला अजून आपण जहाज आहोत असंच वाटत होतं.

*

मोठ्या जहाजाला ब्रेक नसतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण बंदरात शिरताना त्याचं सुकाणूही जवळजवळ निरुपयोगी होतं, हे थोड्यांना ठाऊक असतं. सुकाणूवरून पाणी जोरात वाहिलं तरच ते जहाज वळवतं. वेग कमी झाला की सुकाणू म्हणजे नुसतं लटकलेलं दार. म्हणून जहाजाच्या पोटात, पुढे आणि मागे, आरपार बोगदे असतात आणि त्या बोगद्यांत पंखे. पंखा एका बाजूचं पाणी खेचतो, दुसऱ्या बाजूला फेकतो आणि जहाज फेकलेल्या पाण्याच्या उलट दिशेला, आडवं सरकू लागतं. हे थ्रस्टर. शिवाय शेपटीखाली दोन मोठे पंखे, हवे तिकडे तोंड फिरवणारे. त्यांना पॉड म्हणतात.

बटण दाबलं की जहाज सरकलं, इतकं मात्र हे सोपं नसतं. जहाज आडवं ढकलायचं म्हणजे त्याच्या अंगाला चिकटलेलं पाणीही ढकलायचं आणि त्या पाण्याचं वजन जवळपास जहाजाइतकंच भरतं. त्यामुळे आत्ता दिलेल्या हुकमाचं उत्तर बऱ्याच वेळाने येतं. आलं की मग थांबत नाही. शिवाय वेग थोडा जरी जास्त असला तरी थ्रस्टरचा झोत जहाजाच्या अंगालाच लपेटून जातो आणि सगळा जोर फुकट.

शांत गोदीत हे सगळं गणित संगणक माणसापेक्षा उत्तम करत. पण कोतळे बंदर खाडीच्या तोंडाशी होतं. तिथे भरतीचं पाणी वेगळं, सुकतीचं, म्हणजे ओहोटीचं, वेगळं, धक्क्याच्या टोकाशी भोवरे आणि उलटे प्रवाह. तीनशे मीटरच्या जहाजाच्या पुढच्या टोकाला एक पाणी लागे आणि मागच्याला दुसरंच. म्हणून 'कातडी' आली.

तिचं कागदोपत्री नाव लांबलचक होतं, पण बंदरात सगळे कातडीच म्हणत. पाण्याखालच्या पत्र्यावर बाहेरून चिकटवलेला एक पातळ पापुद्रा आणि त्यात पाण्याचा दाब मोजणारे हजारो ठिपके. सुरुवातीला हे आकडे पडद्यावर दाखवत असत. पण एका नजरेत हजारो आकडे कोण वाचणार? मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की हजारो स्पर्श एकाच वेळी वाचणारं यंत्र माणसाकडे जन्मापासूनच आहे. म्हणून बंडी. खांद्यापासून मांड्यांपर्यंत घालायची, आतून हवेच्या बारीक पिशव्यांनी भरलेली. जहाजाच्या नाकावर पाणी दाबलं की पायलटच्या खांद्यावर दाब येई, मधल्या भागावर दाबलं की बरगड्यांवर, शेपटीवर दाबलं की कंबरेवर. काही आठवड्यांत मेंदू ते शरीर आपलं म्हणून स्वीकारी. शेवटी मेंदूतला देहाचा नकाशा मऊ मातीचाच असतो. आंधळ्याच्या काठीचं टोक त्याचं बोट होतं आणि ड्रायव्हरच्या गाडीची रुंदी त्याच्या अंगात भिनते.

"त्यात नवीन काय?" शाल्मलीने हे समजावल्यावर बाबा म्हणाले होते. "माझी गाडी मला अशीच कळायची. फक्त आम्हाला बंडी नव्हती, खाकी शर्ट होता."

शाल्मलीने भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं, मग नौकानयनाचं प्रशिक्षण घेतलं आणि आता ती कोतळ्याची पहिली बंडीवाली पायलट होऊ घातली होती. बंदराचा पायलट म्हणजे जहाजाचा वाटाड्या. बाहेरच्या समुद्रात जहाजावर चढायचं आणि खाडीतून धक्क्यापर्यंत सुखरूप आणून लावायचं. तिला शिकवत होते कॅप्टन निसार मुकादम. त्यांच्या घराण्यात समुद्रावर न गेलेला एकच माणूस होता आणि त्याचं नाव घरात हळू आवाजात घेत.

"पाण्याशी भांडू नको, मयेकर," ते पहिल्याच दिवशी म्हणाले. "सुकतीचं पाणी समोरून येतंय ना? नाक जरासं धक्क्याकडे वळव, उजवा खांदा पाण्याला दे. पाणीच तुला धक्क्याला नेऊन लावेल."

"खांदा देऊ? आतापासूनच, सर?"

"तोंड सांभाळ. माझी निवृत्ती जवळ आलीय, असले विनोद मला झेपत नाहीत."

खांदा द्यायला ती शिकली. दगडी धक्का जवळ आला की जहाज आणि भिंत यांच्यामध्ये पाणी कोंडतं, त्याची उशी होते आणि ती उशी डाव्या खांद्यावर, मग बरगड्यांवर, मग कंबरेवर कशी फुगत येते, हेही तिला कळू लागलं. पहिल्यांदा मोठं जहाज त्या उशीवर अलगद टेकलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. एवढा प्रचंड देह आणि त्याला एवढा हळुवारपणा!

एकच त्रास होता. ठिपके अधूनमधून बंद पडत आणि पडले की अंगावर मुंग्या चावल्यासारखं होई. कातडी वापरणाऱ्या इतर बंदरांतल्या पायलटांनी तक्रारी केल्या. मग नवी सुधारणा आली. गप्प झालेला ठिपका नकाशातून काढून टाकायचा आणि शेजारच्या ठिपक्यांचा स्पर्श ताणून तिथे पांघरायचा. मुंग्या थांबल्या.

"आता कसं गुळगुळीत वाटतं!" शाल्मली म्हणाली होती.

*

फिजिओथेरपीच्या फर्नांडिस मॅडमनी बाबांना एक खेळ नेमून दिला होता. रोज सकाळी डाव्या अंगाची हजेरी घ्यायची. उजव्या हाताने डाव्या अवयवावर चापट मारायची, त्याचं नाव घ्यायचं आणि मान वळवून त्याच्याकडे बघायचं. बाबांनी त्याची शाळाच केली होती.

"डावा खांदा?" चापट. "हजर, गुरुजी! डावं कोपर? हजर! डावा गुडघा? ... डावा गुडघा?"

"हजर," दारातून शाल्मली म्हणाली, "पण उशिरा आलाय."

"मग अंगठे धरून उभा कर त्याला." बाबांनी पाय ताणला आणि तिच्याकडे पाहिलं. "तुझ्या जहाजाची हजेरी कोण घेतं गं?"

"लागतच नाही, बाबा. कातडी आहे ना. जहाज क्षणाक्षणाला सगळं सांगत असतं."

"मलाही माझं अंग सगळं सांगतंय असंच वाटतं, शालू," बाबा गुडघा चोळत म्हणाले. "तेच तर दुखणं आहे."

तिला राग आला. तिच्या एवढ्या मोठ्या यंत्राची तुलना एका दुखावलेल्या मेंदूशी! दिवसभर ती रागावलेलीच होती. आणि दुसऱ्या दिवशी सरावाला जहाज बाहेर उभं असताना तिने कुणाला न सांगता पुढच्या थ्रस्टरला एक टिचकी दिली. टिचकी म्हणजे पंखा क्षणभर फिरवायचा आणि बंद करायचा. डाव्या खांद्यावर हलकी फुंकर आली. हजर. मग मागच्या थ्रस्टरला टिचकी. डाव्या कंबरेवर फुंकर. हजर.

"हे काय चाललंय?" मुकादमांनी विचारलं.

"हजेरी घेतेय, सर."

मुकादमांनी सगळं ऐकून घेतलं आणि दाढी खाजवली. "वाईट नाही. पण परीक्षेला हे चाळे एकदाच कर, बाहेर समुद्रात. धक्क्याजवळ विनाकारण जहाज थांबवलं की नापास, असा नियम आहे. आणि परीक्षक कॅप्टन देशिंगकर नियमाला मोठे पक्के."

परीक्षा होती 'सागरमेघा'वर, पवनचक्क्यांची पाती आणणाऱ्या तीनशे तीस मीटरच्या जहाजावर. एवढं लांब जहाज कोतळ्यात कधी आलं नव्हतं. धक्काच त्याच्यापेक्षा आखूड होता. जहाज लावल्यावर त्याची शेपटी धक्क्याबाहेर, फेरीबोटीच्या जेटीसमोर लोंबणार होती. शाल्मली पास झाली तर मोठ्या जहाजांचा परवाना मिळणार होता. नापास झाली तर पुन्हा परीक्षा वर्षाने, आणि तोवर मुकादम निवृत्त झालेले असणार. मग बंदर चालवणारी कंपनी कोतळ्याची जहाजं हजारो किलोमीटरवरच्या एका खोलीतून लावून घेणार होती. तसा करार तयारच होता. कोतळ्याला पायलट उरणार नव्हता आणि शाल्मलीला कोतळं.

"मी बघायला येणार," बाबांनी जाहीर केलं. "फेरीबोटीच्या जेटीवर उभा राहणार."

"गर्दी असेल," आई म्हणाली. "डावीकडून कुणी धक्का मारला तर कळणारसुद्धा नाही तुम्हाला."

"तू उभी राहा ना माझ्या डावीकडे. तुझ्याकडे दुर्लक्ष करायची मला आता डॉक्टरांची परवानगी आहे."

*

सकाळी आभाळ स्वच्छ होतं आणि सुकती जोरात लागली होती. 'सागरमेघा'चा ब्रिज, म्हणजे जहाज चालवायची खोली, जहाजाच्या अगदी नाकावर होता. शेपटी मागे इतकी लांब की तिथला माणूस मुंगीएवढा दिसे. कॅप्टन देशिंगकर उजवीकडच्या खुर्चीत ताठ बसले होते. मुकादम शाल्मलीच्या मागे उभे होते. त्यांनी काही बोलायचं नाही असा नियम होता. संकट आलं तरच बोलायचं आणि ते बोलले की परीक्षा संपली.

समुद्रात तिने हजेरी घेतली. सगळे हजर. मग जहाज खाडीत शिरलं.

सुकतीचं पाणी नाकावर आलं आणि तिच्या दोन्ही खांद्यांवर थंड ओझं पसरलं. तिने नाक किंचित डावीकडे, धक्क्याकडे वळवलं. ओझं उजव्या खांद्यावर सरकलं आणि जहाज आडवं, आळसावल्यासारखं धक्क्याकडे निघालं. पुढच्या थ्रस्टरने ती नाक आवरत होती, पॉडने पाण्याच्या जोराइतकाच पुढचा जोर लावत होती. एवढं मोठं जहाज जमिनीच्या हिशेबाने जागच्या जागी उभं राहून फक्त बाजूला सरकत होतं. डाव्या खांद्याला उशी लागली. मऊ. मग डाव्या बरगड्यांना. तिला आपलं सगळं अंग पूर्ण, गुळगुळीत आणि सुखी वाटत होतं.

"डावीकडे काय आहे?" देशिंगकरांनी विचारलं. परीक्षेतला ठरलेला प्रश्न.

"काही नाही, सर," शाल्मली म्हणाली.

आणि स्वतःचेच शब्द तिच्या कानांत परत आले, पण आवाज तिचा नव्हता. आज डावं काहीच नाही?

काही नाही? दगडी धक्का. खांद्याला उशी आहे, बरगड्यांना उशी आहे. मग कंबरेला? कंबरेला काहीतरी असायलाच हवं. दाब तरी, ओढ तरी. पाण्यात 'काही नाही' असं काही नसतं.

तिला कंबरेशी पोकळ वाटत नव्हतं. कमी वाटत नव्हतं. बरगड्यांचा तो मऊ स्पर्शच पार मांडीपर्यंत गेल्यासारखा वाटत होता. गुळगुळीत.

"थांबवतेय," ती म्हणाली.

"कारण?" देशिंगकरांची भुवई वर गेली.

"हजेरी घ्यायचीय."

"काय घ्यायचीय?"

विनाकारण थांबवलं की नापास. पण हात पुढे गेला होता. तिने आडवं सरकणं जमेल तितकं रोखलं आणि मागच्या थ्रस्टरला टिचकी दिली, अगदी हलकी. वाट पाहिली.

डाव्या कंबरेवर फुंकर आली नाही.

पुन्हा टिचकी. उजव्या कंबरेला पाणी खेचल्याची पुसट ओढ कळली. डावीकडे काही नाही. डावी कंबर गैरहजर.

तिने मान वळवली. खोलीच्या डाव्या कोपऱ्यात शेपटीवरच्या कॅमेऱ्याचा पडदा लुकलुकत होता. सुरुवातीपासून तो तिथेच होता. तिघांपैकी कुणीही त्याच्याकडे पाहिलं नव्हतं, कारण बंडी सगळं सांगत होती.

पडद्यावर शेपटी धक्क्याच्या टोकाला ओलांडून फेरीबोटीच्या जेटीकडे ओढली जात होती. टोकाशी भोवरा गरगरत होता आणि तो तिला आत घेत होता. जेटीला फेरीबोट बांधलेली, तिच्यावर दोन रिक्षा आणि एक टेम्पो, आणि जेटीवर जहाज बघायला आलेली माणसं. काही हात हलवत होती.

"मागची डावी कातडी मेलीय, सर," शाल्मली म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला. "संगणकाने भोक बुजवून टाकलं. आपल्याला कळू दिलं नाही. शेपटी आत चाललीय."

त्याच वेळी संगणकालाही कॅमेऱ्यावरून ते उमगलं असावं. पडद्यावर लाल अक्षरं उमटली: मागचा थ्रस्टर, पूर्ण जोर, उजवीकडे. देशिंगकरांचा हात आपसूक थ्रस्टरच्या दांड्याकडे गेला.

"नको, सर!" ती ओरडली. परीक्षकावर. "जहाज उजवीकडे जायला झोत डावीकडे सुटेल. थेट फेरीबोटीवर. उलटेल ती!"

हात जागीच थांबला.

पुढच्या काही क्षणांत शाल्मलीच्या डोक्यात गणित नव्हतं. गणित आधीच होऊन गेलं होतं, वर्गात, सरावात, रात्रंदिवसाच्या वाचनात. आता फक्त एक चित्र होतं. शेपटीला बाहेरून खेचता येत नाही, झोताने ढकलता येत नाही. मग मध्ये काहीतरी घालायचं. काय घालणार? इथे मुबलक आहे तेच. पाणी. पाण्याची पाचर!

तिने डाव्या पॉडचं तोंड फिरवलं. झोत जेटीकडे नव्हे, पुढे, जहाज आणि दगडी भिंत यांच्यामधल्या फटीत जाईल असा. त्याने जहाज मागे जाऊ नये म्हणून उजव्या पॉडला तेवढाच पुढचा जोर. तो झोत मागे उघड्या खाडीत जाणार होता, तिथे कुणी नव्हतं. एक पंखा पुढे, एक मागे. या जोडीने शेपटी बाहेर फिरली की नाक डावीकडे धक्क्याला भिडणार. म्हणून पुढच्या थ्रस्टरने नाक उशीवर तोलून धरायचं. तिथली कातडी जिवंत होती. डाव्या खांद्यावर तिचा विश्वास होता. कंबरेसाठी डोळे होते.

"सर," मागे न बघता ती म्हणाली, "डावा पडदा मला मोठ्याने वाचून दाखवाल?"

मुकादम बोलले तर परीक्षा संपणार होती. ते परीक्षकाकडे बघत राहिले.

"मी वाचतो," देशिंगकर म्हणाले. खुर्चीतून उठून ते पडद्यापुढे उभे राहिले. "आत येतेय. अजून येतेय. ... अजून."

पाणी फटीत घुसत होतं. उत्तर उशिरा येतं. जहाजाच्या वजनाएवढं पाणी आधी हलवायचं असतं. ती जोर वाढवण्याचा मोह आवरून उभी राहिली. वाढवला असता तर उत्तर आल्यावर ते थांबलं नसतं. डाव्या खांद्यावरची उशी घट्ट होत होती, नाक भिंतीकडे झुकत होतं. तिने पुढच्या थ्रस्टरने ते हलकेच तोललं, एखाद्या मुलाचं डोकं उशीवर ठेवावं तसं.

"अजून आत," देशिंगकर म्हणाले. मग त्यांचा आवाज बदलला. "थांबली."

बरगड्यांना कळलं. मधोमध एक नवा, लांबट दाब उगवला आणि मागच्या बाजूला सरकत गेला, जिथे तिची जाणीव संपत होती तिथपर्यंत. पाचर बसली होती.

"बाहेर येतेय," देशिंगकर म्हणाले. "बाहेर. बाहेर येतेय, मयेकर!"

मग तिने जोर काढून घ्यायला सुरुवात केली, उत्तर यायच्या आधीच, थोडा थोडा. शेपटी धक्क्याच्या रेषेत आली. पाचर पातळ केली, उजवा खांदा पुन्हा पाण्याला दिला. खांदा, बरगड्या, आणि कंबरेऐवजी देशिंगकरांचा खडा आवाज, अशा तीन जाणिवांवर तिने ते प्रचंड धूड उशीवर टेकवलं. ब्रिजवरच्या चहाच्या कपात तरंगही उठला नाही.

दोर धक्क्यावर गेले, ताणले गेले. धक्क्यावर कुणीतरी शिट्टी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली.

ती वळली. मुकादम पाठ करून काचेबाहेर बघत होते आणि रुमालाने चष्मा पुसत होते. चष्मा ते लावतच नसत. तो देशिंगकरांचा होता.

"नियमाप्रमाणे," देशिंगकर आपला चष्मा परत घेत म्हणाले, "तुम्ही धक्क्याजवळ जहाज थांबवलंत. कारण विचारलं तर म्हणालात हजेरी."

"हो, सर."

"नियम असा आहे की विनाकारण थांबवलं तर नापास. याहून मोठं कारण मी माझ्या आयुष्यात पाहिलेलं नाही. परवाना आजच मिळेल." त्यांनी चष्मा लावला. "आणि ती हजेरी मला लिहून हवीय. कातडीवाल्या प्रत्येक बंदराला पाठवायचीय. गप्प बसलेला ठिपका परस्पर बुजवायची ती सुधारणा आजपासून बंद. मुंग्या चावल्या तर चावू देत. पद्धत कुठली ही? कुठल्या देशातली?"

"एसटीतली, सर," शाल्मली म्हणाली.

*

फेरीबोटीच्या जेटीवर पोचेपर्यंत तिला निम्म्या गावाने अडवलं. आई धावत आली आणि तिचे दोन्ही गाल हातांत धरून उभी राहिली. बाबा कठड्याला टेकून होते. त्यांचा डावा तळवा लालभडक झाला होता.

"हाताला काय झालं?"

"विचार त्यांनाच," आई म्हणाली. "शेपटी जवळ आली, लोक पळाले. हे जागचे हलले नाहीत. कठड्यावर थापा मारत ओरडत होते, 'जाऊ दे! जाऊ दे मागचं बाहेर! बास!' कंडक्टर गाडीच्या पत्र्यावर मारतो तशा."

"डाव्या हाताने?"

बाबांनी तळवा वर धरून पाहिला. मान वळवून, नीट पाहिला. "उजव्या हाताने टोपी धरली होती," ते जरा आश्चर्याने म्हणाले. "वारा होता."

"दिसलं का जहाज?"

"आधी नुसती शेपटी दिसली. म्हटलं, एवढंसं होडकं लावायला पोरीने एवढं शिक्षण घेतलं?" जेटीवरून खाडीकडे तोंड केलं की अख्खी 'सागरमेघा' त्यांच्या डाव्या हाताला पसरलेली होती. "मग म्हटलं, हजेरी घ्यावी. मान वळवली. वळवत गेलो, वळवत गेलो, शालू..."

"आणि?"

बाबांनी पुन्हा मान वळवली. डावीकडे, अजून डावीकडे, शेपटीपासून निळ्या पत्र्यावरून पुढे, पवनचक्क्यांच्या पांढऱ्या पात्यांवरून पुढे, पार तिथे, जिथे नाकावरच्या ब्रिजची काच उन्हात लखलखत होती.

"संपेचना!" ते म्हणाले.